रिकामी खुर्ची मध्येच बोलली

…आणि वर मलाच म्हणते, "मावशी, तुम्ही खुशाल भिंतीला कान लावून ऐका, फक्त उत्तर देऊ नका!" आता तुम्हाला सांगते, माझ्या छप्पन्न वर्षांच्या आयुष्यात 'ऐकू नका' असं मला पुष्कळांनी सांगितलंय. शाळेत बाईंनी सांगितलंय, सासूने सांगितलंय, खालच्या लॉन्ड्रीवाल्याने तर एकदा हात जोडून सांगितलंय. पण 'ऐका' म्हणणारी ही पहिलीच! आणि ऐकायचं तर उत्तर द्यायचं नाही! म्हणजे कसं हो? नळ सोडायचा आणि वर म्हणायचं, पाणी पडू देऊ नका! बरं, जाऊ दे. मला काय करायचंय म्हणा!

पण थांबा, असं मधूनच सांगितलं तर तुम्हाला काही कळायचं नाही. पहिल्यापासून सांगते.

आमच्या मजल्यावर तीन दारं. जिना चढून आलात की उजव्या हाताला माझं, त्याच्या बरोब्बर समोर समोरचीचं, आणि माझ्या घराला लागून तिसरं. माझी आणि त्या तिसऱ्या घराची भिंत एक. समोरची म्हणजे शिवणकाम करणारी. नाव आहे तिला, चांगलं आहे, पण बावीस वर्षांत मी तिला 'अगं' सोडून दुसरी हाक मारली नाही आणि तिने मला 'ए रेडिओ' सोडून. रेडिओ का, तर म्हणे सकाळी सहाला सुरू होते आणि गाण्यांपेक्षा बातम्याच जास्त! आता बातम्या काय मी तयार करते? लोक करतात, मी फक्त पोचवते.

तिचं मशीन दाराजवळच्या खोलीत. खडखडखडखड… थांबलं… कात्री… परत खडखड. त्या आवाजावर माझा दिवस चालायचा, खरंच सांगते. सलग खडखड म्हणजे पडदे शिवतेय, तुटक खडखड म्हणजे बाह्या. मधेच बराच वेळ शांतता झाली की समजायचं, चहाची वेळ, आणि मी दोन कप घेऊन निघायचे. आमचे हे होते तेव्हा म्हणायचे, "तुला घड्याळ कशाला हवंय?" तेवढंच बोलायचे हो, आठवड्यातून एखादं वाक्य. पण न बोलणारं माणूस घरात असणं वेगळं आणि घरात माणूसच नसणं वेगळं. ते जाऊन चार वर्षं झाली. असो.

तर तीन-चार महिन्यांपूर्वी त्या तिसऱ्या दाराला पाटी लागली. 'मनोपचार आणि ध्यान केंद्र'. मला काय करायचंय म्हणा, पण शेजारी कोण आलंय ते नको का बघायला? गेले. पस्तिशीची बाई, केस कापलेले, पायात चप्पल नाही, आणि बोलणं असं की जणू खोलीत कुणाचं तान्हं बाळ झोपलंय. "याऽ मावशीऽ… बसाऽ…" कोपऱ्यात बुद्धाची एवढीशी मूर्ती, पुढे पितळेचं भांडं. मला वाटलं दूध तापवायचं असेल. तिने त्याला लाकडी दांडक्याने हळूच मारलं, टंऽऽऽऽग! तो आवाज थांबेना! मी विचारलं, "डॉक्टरीणबाई, हा दवाखाना की देऊळ?" तर हसली. म्हणाली, "दोन्ही नाही. बुद्धांनी सांगितलं, आपल्या मनात काय चाललंय ते शांत बसून पाहा. आणि मी शिकले ते मानसशास्त्र सांगतं, जे आत दाबून ठेवलंय ते बोला. इथे आपण दोन्ही करतो. आधी पाहायचं, मग बोलायचं."

मी म्हटलं, "माझं जरा उलटं आहे. मी आधी बोलते, मग बघते काय झालं ते."

ती म्हणाली, "मग त्रास होत असेल."

मी म्हटलं, "मला नाही होत. बाकीच्यांना होतो."

तेव्हा मी विनोद केला होता. खरं म्हणजे तेव्हा समोरचीने माझ्याशी बोलणं टाकून अकरा दिवस झाले होते.

ते असं झालं… सांगू का? सांगतेच. तिच्या हाताला कंप सुटला होता. आधी सुईत दोरा जाईना, मग रेघ वाकडी जायला लागली. मला म्हणाली, "तुला एकटीला सांगतेय. लेकीला कळता कामा नये. शप्पथ घे." घेतली! दीड महिना, तुम्हाला सांगते, अख्खा दीड महिना हे तोंड बंद होतं, लॉन्ड्रीवाल्याने 'तब्येत बरी आहे ना' विचारलं मला. मग एक दिवस मशीन मध्येच थांबलं. चहाची वेळ नव्हती. मी धावत गेले तर मशीनची सुई बोटातून आरपार, आणि ही दुसऱ्या हाताने चाक उलटं फिरवायला बघतेय, आणि तो दुसरा हातही थरथरतोय. मी चाक फिरवलं, बोट सोडवलं, पट्टी बांधली. ती म्हणाली, "कुणाला बोललीस तर बघ." मी घरी आले आणि तिच्या लेकीला फोन लावला.

लेक दुसऱ्या दिवशी आली. तपासण्या, गोळ्या, आणि जाताना मशीन घेऊन गेली. दोन हमाल आणले होते, जिन्यातून उतरवताना कठड्याला खरचटलं, तो ओरखडा अजून आहे. समोरची दारात उभी होती. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "झाली बातमी सांगून?" आणि दार लावलं. कडी घातली. बावीस वर्षांत दिवसा त्या दाराला कडी नव्हती हो!

त्यानंतर आमच्या मजल्यावर जी शांतता झाली… ती शांतता विकत मिळाली असती तर डॉक्टरणीने घेतली असती. दोन कप चहा करायचा आणि एक ओतून द्यायचा, असं आठवडाभर केलं, मग छोटं पातेलं काढलं. मला काय करायचंय म्हणा!

मग मी काय करणार? भिंतीला कान लावला. दर मंगळवारी चारला तिकडे चार-पाच जण जमायचे. आधी टंऽऽग, मग अर्धा तास काहीही नाही, म्हणजे इतकं नाही की मला वाटायचं सगळे गेले की काय. फक्त एक निवृत्त पोस्टमन आहेत, ते घोरायचे. मग डॉक्टरीण म्हणायची, "विचाऽर आला… नुसती नोंद घ्याऽ… जाऊ द्याऽ…" मग परत टंऽऽग, आणि मग बोलणं सुरू. बोलणं सुरू झालं की मी पेला काढायचे. काचेचा पेला भिंतीला उपडा लावला की स्पष्ट ऐकू येतं, कधी करून बघा. म्हणजे नका करू.

एका मंगळवारी ऐकते तर पोस्टमन ओरडतायत! "साहेब, एकतीस वर्षं मी पायी पत्रं वाटली, निरोपाच्या दिवशी माझं नावसुद्धा चुकीचं घेतलंत तुम्ही!" मी म्हटलं, अरे वा, साहेबाला बोलावून आणलंय वाटतं! हातात केरसुणी घेऊन बाहेर जिन्यात उभी राहिले, साहेब दिसतो कसा ते बघायला. पाच वाजले. पोस्टमन बाहेर आले, बाकीचे आले, साहेब येईना! साडेपाच. डॉक्टरीण कुलूप लावायला लागली. मी म्हटलं, "अहो, साहेब आत राहिला!"

तेव्हा तिने सांगितलं. आत एक रिकामी खुर्ची ठेवतात. ज्याच्याशी बोलायचं राहून गेलंय, ते माणूस त्या खुर्चीत बसलंय असं समजायचं आणि मनातलं सगळं बोलून टाकायचं. आधी शांत बसून मन पाहून झालेलं असतं ना, त्यामुळे काय बोलायचं ते सापडतं म्हणे. मी म्हटलं, "आणि खुर्ची काय म्हणते?" ती म्हणाली, "खुर्ची काही म्हणत नाही, मावशी. तेच तर तिचं काम." आणि मग माझ्या हातातल्या केरसुणीकडे बघितलं, माझ्या दाराकडे बघितलं, आणि मुलगी हुशार, कुलूप लावून निघाली.

खुर्ची नेमकी माझ्या भिंतीला टेकवलेली. म्हणजे इकडे मी, मधे भिंत, तिकडे खुर्ची. पाठीला पाठ!

पुढच्या मंगळवारी चारला दहा कमी असताना समोरचीची कडी वाजली. मी दाराच्या भोकातून बघितलं. हातात पिशवी नाही, चप्पल घरातली. आणि ती गेली कुठे, तर शेजारी! बावीस वर्षं मनातलं सगळं माझ्याकडे आणायची, आणि आता पाटी बघून आत गेली!

तीन मंगळवार ती काही बोललीच नाही. पेला धरून धरून माझ्या हाताला मुंग्या आल्या. चौथ्या मंगळवारी डॉक्टरीण म्हणाली, "ताई, आज बोलावंसं वाटतंय का?" आणि खुर्चीचा पाय सरकल्याचा आवाज आला, अगदी माझ्या कानाशी. मग तिचा आवाज.

"ए रेडिओ. बस इथे. बस म्हणते ना! आज मी बोलणार, तू गप्प."

मी बसले! माझ्या घरात, माझ्या स्टुलावर, होते त्याहून सरळ बसले.

"मशीन गेलं त्याचं मला काही नाही. हात थकले, कधीतरी जायचंच होतं. पण मी तुला सांगितलं होतं. तुला एकटीला. लेकीला नाही, डॉक्टरला नाही. सकाळी उठते, ते टेबल रिकामं दिसतं, आणि वाटतं, दार उघडून रेडिओला सांगावं की बाई, आज फार रिकामं वाटतंय. आणि मग आठवतं, तूच तर… का सांगितलंस गं? का?"

आता तुम्ही न्याय करा. इथे तिने थांबायला नको होतं! बावीस वर्षांची सवय! तिने 'का गं' म्हणायचं आणि मी उत्तर द्यायचं, यात विचाराला जागाच नाही, नोंदबिंद काही नाही, आतून धाडकन बाहेर आलं,

"अगं, बोटातून सुई आरपार गेली होती तुझ्या! मी किती दिवस नुसती बघत बसू?"

आणि हातातला पेला पडला. खळ्ळ!

तिकडून मग पोस्टमनांचा आवाज, असा बारीक, "खुर्ची बोलली होऽऽऽ!" आणि मग धडाधड काहीतरी पडलं, ते पोस्टमनच होते असं मागाहून कळलं.

मी काचा गोळा करत होते तेवढ्यात बेल वाजली. दारात डॉक्टरीण. मला वाटलं, आता पोलीस. तर ती म्हणाली, "मावशी, आत या." मी म्हटलं, "मी काही ऐकलं नाही!" ती म्हणाली, "ते सगळ्यांनी ऐकलं."

गेले. काय करणार! आत सगळे खाली उशांवर. माझे गुडघे असे की खाली बसले तर उठवायला ते दोन हमाल परत बोलवावे लागतील. आणि खोलीत खुर्ची किती? एक. बसले बाई तीवर. समोरची माझ्याकडे बघतेय. पोस्टमन डोक्याला ओला रुमाल लावून माझ्याकडे बघतायत. बुद्ध तेवढे खाली बघत होते.

डॉक्टरीण म्हणाली, "आधी थोडा वेळ सगळेच श्वास पाहूया." टंऽऽग. आता श्वास पाहायचा म्हणजे कुठे बघायचं? नाकाकडे बघितलं तर डोळे तिरळे होतात. मग मिटले. आणि सवयच ती, कान आपोआप भिंतीकडे गेला. आणि तेव्हा लक्षात आलं, की अगं बाई, या भिंतीपलीकडे माझंच घर! मी जन्मात कधी माझ्याच घराला बाहेरून कान लावला नव्हता. लावला.

काही नाही.

मग फ्रिज सुरू झाला. हुंऽऽऽ. मग बंद झाला.

एवढंच हो. एवढंच वाजतं माझ्या घरात. जे जाणवेल त्याची नोंद घ्या म्हणाली होती ना… घेतली. फ्रिज. पण जाऊ दे म्हणाली होती, ते काही जाईना.

टंऽऽग झाल्यावर तिने मला विचारलं, "मावशी, तुम्हाला काय करायचंय?" आता गंमत बघा, 'मला काय करायचंय' हे मी दिवसातून पन्नास वेळा म्हणते, पण कुणी मला ते विचारलं नव्हतं कधी. मी म्हटलं, "मला… हिला सांगायचंय की माझं चुकलं, पण…" डॉक्टरीण म्हणाली, "पण न लावता म्हणून बघा." मी म्हटलं, "माझं चुकलं, तरीसुद्धा…" ती म्हणाली, "तोही पणच आहे, मावशी." तुम्हाला सांगते, तो 'पण' गिळताना जेवढा त्रास झाला तेवढा पहिल्या बाळंतपणातही झाला नव्हता. पण गिळला. म्हटलं, "माझं चुकलं. सांगायचं होतं तर आधी तुला सांगून सांगायला हवं होतं." आणि पुढे काही बोलले नाही. मी! पोस्टमन साक्षीला आहेत.

समोरचीने बराच वेळ हात मांडीखाली दाबून धरले होते. मग म्हणाली, "डॉक्टर, खुर्ची रिकामी होती तेव्हा बोलता येत होतं."

बस्स.

शेवटी सगळ्यांनी डोळे मिटून म्हणायचं असतं, आधी स्वतःसाठी, मग जवळच्या माणसासाठी, मग ज्याच्याशी बिनसलंय त्याच्यासाठी, 'सुखी होवो'. बाकीच्यांना तीन माणसं आठवावी लागत असतील. माझं स्वतःला धरून दोघींतच भागलं.

आणि त्यांचा नियम असा, की घरी पोचेपर्यंत कुणी बोलायचं नाही. घरी पोचेपर्यंत म्हणजे मला चार पावलं आणि तिला सहा! आम्ही दोघी बाहेर आलो. ती गप्प. मी गप्प. आता ही माझ्यावर रागावून गप्प आहे की नियम म्हणून गप्प आहे, हे कसं कळावं माणसाला? तिने किल्ली काढली. हात थरथरत होता. किल्ली कुलपाच्या भोवती फिरतेय, भोकात जात नाही. एकदा… दोनदा… माझा हात पुढे गेला, तुम्हाला खोटं नाही सांगत, अर्ध्या वाटेत होता. आणि मी तो मागे घेतला. आधी पाहायचं म्हणाली होती ना. उभी राहिले, नुसती बघत. तिलाही माहीत होतं मी बघतेय. चौथ्या वेळेला गेली किल्ली. ती आत गेली. दार लावलं.

कडी वाजली नाही.

मी पंधरा मिनिटं आमच्या दाराआड उभी होते. नाही म्हणजे नाहीच वाजली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीण आली. म्हणाली, "ताई म्हणतात, बोलेन, पण रिकाम्या खुर्चीशीच. खुर्ची त्याच भिंतीला हवी. आणि भिंतीपलीकडे तुम्ही हव्यात. तुम्ही खुशाल कान लावून ऐका, फक्त उत्तर देऊ नका!" मी म्हटलं, "हे तुमच्या मानसशास्त्रात आहे?" म्हणाली, "नाही." "बुद्धांनी सांगितलंय?" म्हणाली, "असं नाही सांगितलं. करून बघू." बाकीच्यांचीही परवानगी घेतली, पण त्यांची अट, की समोरचीची पाळी आली की भिंतीवर एकदा ठोकायचं, मी बसायचं, बाकी कुणी बोलायला लागलं की दोनदा ठोकायचं, मी उठून बाथरूममध्ये जाऊन नळ सोडायचा. ही अट पोस्टमनांची! एवढी पत्रं वाटली, कधी एक उघडलं नाही म्हणून सांगतात. मला काय करायचंय म्हणा!

तर काल पहिला मंगळवार. मी सव्वातीनलाच स्टूल लावलं. नवीन पेला आणला, पातळ काचेचा. फ्रिज बंद केला, मधेच हुंऽऽ करायला नको. टंऽऽग झालं. मीसुद्धा इकडे डोळे मिटले, एकटीने कशाला मागे राहायचं. मग भिंतीवर, टक्. एकदाच!

"ए रेडिओ," ती म्हणाली.

आणि पुढे… पुढे म्हणजे बाई इतकी हळू बोलायला लागली, इतकी हळू! बावीस वर्षं मशीनच्या खडखडीवरून मला ओरडून बोलायची ती, आता मशीन नाही, मी नाही, कशाला आवाज चढवेल? मला एवढंच ऐकू आलं, '…काल दुपारी…', मग काहीतरी '…पडदे…', मग तिकडे सगळे खो खो हसले, पोस्टमनसुद्धा, आणि मग ती स्वतः हसली. चार महिन्यांनी हसली! कशाला हसली ते कळलं नाही. मग अगदी भिंतीजवळ येऊन काहीतरी म्हणाली, दोनच शब्द, माझ्यासाठीच असणार, आणि नेमके तेच दोन शब्द मला ऐकू आले नाहीत!

पेल्यासकट मी भिंतीत घुसायची तेवढी बाकी होते. ओठांवर आलं होतं, 'अगं, मोठ्याने बोल!' पण बोलणार कसं?

मी पडले रिकामी खुर्ची!